एंजिन आणि चाकें यांचा मध्यस्थ

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया संस्थानांत म्यूरॉक या नांवानें ओळखलें जाणारें एक कोरडें सरोवर होतें. १९३० नंतरच्या दहा वर्षांत त्याच्या सपाट, टणक तळावर तरुण मंडळी आपल्या जुन्या फोर्ड मोटारी घेऊन जमत. मडगार्ड काढून टाकावे, छप्पर उतरवावें, एंजिनाचा जोर वाढवावा, आणि मग घड्याळ लावून वेग मोजावा, असा त्यांचा छंद. १९३२ सालीं फोर्ड कंपनीनें सामान्य माणसाच्या आवांक्यांतील मोटारींत आठ सिलिंडरांचें एंजिन घातलें, तेव्हां या छंदाला मोठाच भर आला. अशा रीतीनें हलकी व जोरकस केलेली जुनी मोटार म्हणजे 'हॉट रॉड'.

आरंभीं या गाड्यांचे गिअर हातानें बदलावे लागत. १९४० च्या ओल्ड्समोबिल मोटारीबरोबर जनरल मोटर्स कंपनीनें 'हायड्रामॅटिक' ही आपोआप गिअर बदलणारी पेटी बाजारांत आणली, आणि कालांतरानें हॉट रॉडवाल्यांनींहि तिचा स्वीकार केला. सोय झाली, पण सोयीबरोबर एक नवी विवंचनाहि आली. ही पेटी जळाली, तर तिच्या जागीं कोणती घ्यावी?

समजा, एखाद्या गृहस्थानें दहा वर्षांचे रविवार खर्चीं घालून १९३२ सालच्या फोर्डची हॉट रॉड उभी केली आहे. तिच्यांत शेव्हरोलेचें ३५० घनइंची एंजिन बसविलें आहे. एके दिवशीं चढावर एंजिन ओरडूं लागतें, पण गाडी पुढें सरकत नाहीं. पेटींतील तेलाची कांडी काढून पाहावी, तों तेल काळें पडलेलें व करपल्याचा वास! मित्र म्हणतो, "सर्वांत मजबूत पेटी घ्या." दुकानदार म्हणतो, "सर्वांत नवी घ्या." दोघेहि हितचिंतक खरे, परंतु दोघांचाहि सल्ला अपुरा. पहिली पेटी कां जळाली, हें दोघांनींहि विचारलेलें नाहीं.

याचें उत्तर समजण्यास पेटीची रचना थोडी ध्यानांत घ्यावी लागते. विजेचे दोन पंखे समोरासमोर ठेवून एकच चालू केला, तर त्याच्या वाऱ्यानें दुसराहि फिरूं लागतो. आपोआप गिअर बदलणाऱ्या पेटीच्या तोंडाशीं जो 'टॉर्क कन्व्हर्टर' असतो, त्यांत हाच प्रकार वाऱ्याऐवजीं तेलानें घडतो. मागें पेटींत दंतचक्रें असतात, आणि त्यांतील कोणतीं धरावीं व कोणतीं सोडावीं, हें काम क्लचच्या चकत्या करतात. या चकत्यांना दाबून धरणारें बळहि तेलाच्याच दाबाचें. म्हणजे तेल हेंच या पेटीचें रक्त. दाब कमी पडला कीं चकत्या घसरतात. घसरल्या कीं तापतात. तापल्या कीं तेल करपतें, आणि करपलेल्या तेलांत चकत्या अधिकच घसरतात. बहुतेक पेट्या तुटून मरत नाहींत, तापून मरतात.

म्हणून पहिला शोध उष्णतेचा. तेल थंड करणारी नळ्यांची जाळी पुरेशी होती काय? हॉट रॉडचें तोंड अरुंद, रेडिएटर लहान; एंजिन मात्र मूळच्यापेक्षां दुप्पट-तिप्पट जोराचें. अशा गाडीस तेलासाठीं स्वतंत्र जाळी बहुधा लागतेच. शिवाय जळालेल्या पेटींतील चुरा जुन्या जाळींत अडकून राहतो. ती बदलली नाहीं किंवा नीट धुतली नाहीं, तर तोच चुरा नव्या पेटीच्या रक्तांत उतरतो.

दुसरा विचार निवडीचा. शेव्हरोले एंजिनाला जनरल मोटर्सच्या तीन पेट्या विशेष जुळतात. १९६९ ची 'टर्बो-हायड्रामॅटिक ३५०' तीन गिअरांची, आटोपशीर व साधी आहे. १९६४ ची '४००' अधिक बळकट. पण ती जड असून स्वतःस फिरविण्यासाठीं एंजिनाचा जोरहि अधिक खाते. हलक्या गाडीला ती घेणें म्हणजे टांग्याच्या घोड्यावर हत्तीचा हौदा चढविण्यासारखें. १९८२ ची '७००-आर-४' चार गिअरांची आहे. तिचा पहिला गिअर ३.०६ गुणोत्तराचा असल्यानें गाडी झटक्यानें निघते, आणि चौथा ०.७० चा असल्यानें लांबच्या प्रवासांत एंजिनास विसावा मिळतो. मात्र ती '३५०' पेक्षां सुमारें तीन इंच लांब आहे. त्यामुळें चौकटीचा आडवा दांडा आणि मागील चाकांकडे जाणारा फिरता दांडा, दोन्हींत फेरफार करणें भाग पडतें.

मग चौथा गिअर हवा कीं नको? हें आवडीवर नव्हे, त्रैराशिकावर ठरतें. ताशीं मैलांस ३३६ नें व मागील आंसाच्या गुणोत्तरानें गुणावें, आणि चाकाच्या इंचांतील व्यासानें भागावें. एंजिनाचे मिनिटाचे फेरे मिळतात. चाक २८ इंचांचें, आंस ३.७३ चा आणि वेग ६० मैल धरला, तर तिसऱ्या गिअरांत फेरे सुमारें २,६९० होतात. चौथ्यांत ते १,८८० वर येतात. येथें चौथा गिअर सार्थकीं लागला. पण आंस ३.०० चा असेल, तर तिसऱ्यांतच फेरे २,१६० असतात, आणि चौथ्यांत १,५१० पर्यंत उतरून जोरासाठीं सजविलेलें एंजिन कण्हूं लागतें. अशा गाडीस '३५०' पुरेशी आहे. जास्तीचा गिअर म्हणजे जास्तीचा खर्च.

'७००-आर-४' घेणाऱ्यानें आणखी एक गोष्ट विसरूं नये. पायाखालचा पेडल किती दाबला आहे, हें त्या पेटीस एका तारेनें कळतें आणि त्यावर तेलाचा दाब ठरतो. कार्ब्युरेटर दुसऱ्या जातीचा असून तार चुकीच्या कोनांत ओढली गेली, तर दाब कमी पडतो आणि चांगल्यांतली चांगली पेटी थोड्याच मैलांत जळूं शकते. पुष्कळदां दोष तारेचा असतो आणि शिव्या पेटीला मिळतात.

तिसरा विचार विकत घेण्याचा. भंगारांतील पेटी स्वस्त पडते, पण तिचा पूर्वेतिहास अज्ञात असतो. पुन्हा बांधलेली पेटी घ्यावी, तर 'पुन्हा बांधलेली' या शब्दांत काय काय येतें, हें लेखी मागावें. चकत्या, सील व बुशिंग सर्व नवीं घातलीं, कीं जें फाटलें तेंच बदललें? टॉर्क कन्व्हर्टर नवा कीं जुनाच? चाचणीच्या यंत्रावर पेटी फिरवून पाहिली काय? हमी केवळ सामानाची, कीं पेटी उतरविण्या-चढविण्याच्या मजुरीचीहि? जुनी पेटी परत देईपर्यंत अनामत किती? या प्रश्नांनीं जो कारागीर रागावतो, त्याच्याकडे न जाणें बरें.

शेवटची सावधगिरी बसवितांना. कन्व्हर्टर पेटींत पूर्ण आंत जाईपर्यंत फिरवीत दाबावा लागतो. पेटी एंजिनास भिडल्यावर तो हातानें सैल फिरला पाहिजे, आणि एंजिनाच्या तबकडीपर्यंत पुढें ओढावयास इंचाचा अष्टमांश ते तीन षोडशांश इतकें अंतर उरलें पाहिजे. तें अंतर नसतां कोणी बोल्ट आवळून पेटी बळेंच जवळ ओढली, तर आंतील तेलाचा पंप फुटतो, आणि नवी पेटी पहिला मैल चालण्यापूर्वींच निकामी होते.

सारांश, एंजिन धनी, चाकें सेवक आणि पेटी त्यांमधील मध्यस्थ. मध्यस्थ केवळ बलवान असून भागत नाहीं. दोन्ही पक्षांस तो मानवला पाहिजे. आणि पहिला मध्यस्थ कशानें गेला, याची चौकशी न करतां जो दुसरा नेमतो, तो बहुधा तिसऱ्याचेहि पैसे बाजूस काढून ठेवतो.