हळद, किमो आणि पहिल्या सलाईनआधीचा नमुना
(लेखांक सहावा)

वसमत-हिंगोलीकडच्या पेशंटला किमो सुरू झालं आणि कुणी हळद सुचवली नाही, असं सहसा होत नाही. हळदीचाच मुलूख तो! आता त्या सल्ल्याला मोबाईलवरची पुस्तीही असते : कुर्क्युमिननं शुक्राणू वाचतात. हे अगदीच निराधार नाही. सायक्लोफॉस्फमाइड किंवा सिस्प्लॅटिन दिलेल्या उंदरांना कुर्क्युमिन दिल्यावर वृषणांची हानी कमी झाल्याचे प्रयोग आहेत. पण हळदीत कुर्क्युमिन असतं शेकडा दोन ते पाच, आणि पोटातून रक्तात उतरतं त्यातलंही नाममात्र. माणसांत याचा पुरावा नाही. भाजीतली हळद खुशाल खावी. अर्काच्या गोळ्या मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, त्या किमोच्या कामात ढवळाढवळ करू शकतात.

भराभर वाढणाऱ्या पेशी किमो मारतं. केस गळतात ते त्यामुळेच, आणि शुक्राणू घडवणाऱ्या पेशीही त्यातच सापडतात. एक शुक्राणू घडायला साधारण ७४ दिवस लागतात. मूळ पेशी तगल्या तर काही महिन्यांत किंवा वर्षांत शुक्राणू परततात. त्या मेल्या तर नाही. औषध कोणतं आणि एकूण किती, यावर सगळं अवलंबून. हॉजकिनच्या गाठींवरच्या एबीव्हीडी उपचारानंतर बहुतेकांचे शुक्राणू परत येतात. प्रोकार्बाझिन असलेल्या जुन्या उपचारात फार थोड्यांचे येत.

फसगत होते ती पुढे. पुरुषी हार्मोन बनवणाऱ्या पेशी चिवट असतात. दाढी, आवाज, इच्छा बहुधा जशीच्या तशी राहते आणि वीर्यात शुक्राणू शून्य. हे लग्नानंतर तीन-चार वर्षांनी कळतं आणि तोवर बोल सुनेला लागलेला असतो.

शुक्राणू वाचावेत म्हणून किमोच्या काळात वृषणं हार्मोनच्या इंजेक्शनांनी तात्पुरती निजवून पाहिली. पुरुषांत ते साधलं नाही. खात्रीचा उपाय एकच : किमोआधी वीर्य गोठवणं. गोठवलेल्या वीर्यापासून पहिल्या गर्भधारणा १९५३ सालच्या. नमुना उणे १९६ अंशांवरच्या द्रव नायट्रोजनमध्ये राहतो. १९९२ पासून बीजांडात एकच शुक्राणू टोचण्याचं तंत्र आहे, त्यामुळे नमुना कमजोर असला तरी ठेवावा. इंग्लंडमध्ये २१ वर्षं गोठवलेल्या वीर्यापासून मूल झाल्याची नोंद आहे.

हिंगोलीचा पेशंट नांदेडला, संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात किंवा परळला टाटात जातो. 'मूल हवंय, आधी वीर्य ठेवायचंय' हे पहिल्या भेटीतच सांगावं. एचआयव्ही, काविळीच्या तपासण्या, दोन-तीन दिवसांचा संयम आणि सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१च्या कायद्याखाली नोंदलेली वीर्यबँक, एवढंच लागतं. रक्ताच्या कर्करोगात तेवढीही सवड नसली तर त्याच दिवशी एक नमुना द्यावा. पहिल्या सलाईननंतरच्या शुक्राणूंत जनुकीय बिघाडाची शक्यता असते. आणि मुलगा अविवाहित असेल तर या बोलण्यापुरतं वडिलांना बाहेर बसवावं. त्यांच्यासमोर तो मान हलवण्यापलीकडे काही बोलणार नाही.

वयात न आलेल्या मुलाला नमुना देता येत नाही. त्याच्या वृषणाचा बारीक तुकडा गोठवतात, पण ते अजून प्रयोगाच्याच पायरीवर आहे. त्याविषयी पुढच्या आठवड्यात.