माळरान म्हणजे पडीक जमीन नव्हे
तापमान आणि पर्जन्यमान यांच्या मेळातून विस्तीर्ण प्रदेशावर वनस्पती व प्राण्यांचा जो ठरावीक संच रुजतो, त्याला बायोम किंवा जीवसंहती म्हणतात. टुंड्रा, तैगा, वर्षावन ही त्याची परिचित उदाहरणे. सॅव्हाना, म्हणजे विरळ झाडांचा उष्णकटिबंधीय गवताळ प्रदेश, म्हटले की आफ्रिकेतील सेरेंगेटी डोळ्यांसमोर येते. परंतु सह्याद्रीने पाऊस अडवल्यामुळे कोरड्या राहिलेल्या पट्ट्यातील, सोलापूर, अहिल्यानगर, पुणे या जिल्ह्यांतील माळरानेही याच जीवसंहतीत मोडतात, हे क्वचितच सांगितले जाते.

येथील कुसळी गवताचे बी निरखून पाहण्यासारखे असते. त्याच्या टोकदार बियाला पीळ पडलेली लांब शेपटी असते. ती दमट हवेत उलगडते, कोरड्या हवेत पुन्हा आवळते आणि या फिरकीने बी गिरमिटासारखे मातीत शिरते. माळावरून चालणाऱ्याच्या कपड्यांत रुतणारे कुसळ ते हेच. बहुवर्षायू गवतांचा मोठा भाग मुळांच्या रूपाने जमिनीखाली असतो, म्हणून वणवा आणि चराई सोसूनही पहिल्या पावसात माळ हिरवा होतो.

लांडगा, काळवीट आणि धाविक व माळढोक हे पक्षी येथील खरे रहिवासी. माळढोकासाठी १९७९ मध्ये सोलापूर जिल्ह्यातील नान्नज परिसरात अभयारण्य झाले. तरीही अशा जमिनींवरचा ‘पडीक’ हा ब्रिटिशकालीन शिक्का पुसला गेला नाही आणि हिरवाईच्या सद्हेतूने अनेक माळांवर दाट झाडे लावली गेली. उघड्या जमिनीवर अंडे घालणाऱ्या आणि दूरवर नजर ठेवून जगणाऱ्या माळढोकासाठी मात्र अशी झाडी म्हणजे घर हिरावले जाणेच होय.