सूर्याला दिलेली वेळ

सूर्याला भेटीची वेळ ठरवून देता येते का? येते! ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न शहराने दिली आहे.

पहिलं महायुद्ध थांबलं ११ नोव्हेंबर १९१८ला, सकाळी ११ वाजता. मेलबर्नच्या आसपासची कितीतरी मुलं त्या युद्धात गेली आणि तिकडेच, दूर परदेशात पुरली गेली. घरच्यांनी फूल वाहायचं तरी कुठे? म्हणून १९३४ साली इथे 'श्राइन ऑफ रिमेम्ब्रन्स' हे दगडी स्मारक उभं राहिलं. आत मधोमध एक संगमरवरी शिळा आहे, मुद्दाम जमिनीत खोलगट बसवलेली. तिच्यावरची अक्षरं वाचायची तर मान खाली घालावीच लागते. मला ही कल्पना फार आवडते.

आणि वर छतात आहे एक भोक. दरवर्षी ११ नोव्हेंबरला बरोबर ११ वाजता त्यातून कवडसा उतरतो आणि शिळेवरच्या 'लव्ह', म्हणजे प्रेम, या शब्दावरून सरकत जातो!

पुढे गंमत झाली. १९७१पासून तिथे उन्हाळ्याच्या दिवसांत, म्हणजे नोव्हेंबरातही, घड्याळं तासभर पुढे करू लागले. घड्याळात अकरा, पण सूर्याचे दहाच! आता सूर्याला कोण घाई करणार? मग छतावर आरसा बसवून किरण वळवला.

थांबा, ११ नोव्हेंबर ही तारीख ओळखीची वाटते ना? कोल्हापूरच्या अंबाबाईच्या देवळातला किरणोत्सव! मावळत्या सूर्याचे किरण मूर्तीपर्यंत पोचतात ते नोव्हेंबरच्या ९, १०, ११ तारखांच्या सुमारास, आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीस, फेब्रुवारीच्या सुरुवातीला. दोनदा का? २२ डिसेंबरच्या सुमारास सूर्य दक्षिणेकडचं टोक गाठून मागे फिरतो. त्याच्या ४१ दिवस आधी ११ नोव्हेंबर, ४१ दिवस नंतर १ फेब्रुवारी. जाताना आणि येताना, दोन्ही वेळा सूर्याची आकाशातली वाट जवळजवळ तीच!

तुम्हीही करून बघा. येत्या ११ नोव्हेंबरला ११ वाजता खिडकीतून आलेल्या कवडशाभोवती खडूने गोल काढा. १ फेब्रुवारीला कवडसा त्याच जागी येईल, पण अकराला नाही, साडेअकराच्या सुमारास! पृथ्वीची कक्षा लंबगोल आणि आस कललेला, म्हणून सूर्य कधी घड्याळाच्या पुढे पळतो, तर कधी मागे रेंगाळतो.