लाइट जाते तेव्हा : नंदुरबार जिल्ह्यातील घरगुती संगीत-सर्व्हर

घरातील एका संगणकावर सगळी गाणी साठवून ती वायफायवरून घरातल्याच मोबाइलवर, टीव्हीवर किंवा स्पीकरवर ऐकवण्याची जी व्यवस्था, तिला घरगुती संगीत-सर्व्हर म्हणतात. हे ऐकवणे 'स्ट्रीमिंग'ने होते, म्हणजे गाण्याची अख्खी फाइल मोबाइलमध्ये उतरवून न घेता ती तुकड्यातुकड्याने येत राहते आणि येता येता वाजते. मोठ्या कंपन्यांची संगीत-ॲपे हेच काम करतात. मात्र त्यांचा सर्व्हर दूर असल्याने तेथे इंटरनेटवाचून चालत नाही, तर घरातला सर्व्हर आणि मोबाइल एकाच राउटरला जोडलेले असल्यामुळे बाहेरचे इंटरनेट बंद पडले तरी गाणे थांबत नाही. धडगाव आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ज्या डोंगराळ पाड्यांवर मोबाइलच्या रेंजचा भरवसा नसतो, तेथे या फरकाला मोल आहे.

असा सर्व्हर घरात ठेवण्याचे दुसरे कारण संगीताचेच आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात २०११च्या जनगणनेनुसार सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून भिली, पावरी, मावची, देहवाली अशा बोली येथे घराघरांत बोलल्या जातात. होळीची आणि लग्नाची गाणी, ढोल आणि पावरी या वाद्यांचे वादन, रोडाली बँडचे कार्यक्रम यांतील पुष्कळसे ध्वनिमुद्रण जुन्या कॅसेटमध्ये, मोबाइलमध्ये आणि दुकानातून 'भरून' आणलेल्या मेमरी कार्डांत विखुरलेले असते. ते एकत्र आणताना एक भ्रम मात्र टाळला पाहिजे. जुन्या मोबाइलमधील 'एएमआर' प्रकारची फाइल मुळात बोलण्यासाठी केलेली असल्याने तिच्यात ढोलाचा खर्ज आणि पावरीचा कस उतरलेलाच नसतो, आणि तिचे रूपांतर 'फ्लॅक' या, मूळ ध्वनीतले काहीही न गाळता जागा वाचवणाऱ्या प्रकारात केल्याने फाइल तेवढी फुगते. कॅसेटवरून नव्याने उतरवून घेताना मात्र फ्लॅकच योग्य. सीडीच्या दर्जाचा ध्वनी तासाला सुमारे ६३५ एमबी जागा घेतो, फ्लॅकमध्ये तो साधारण निम्म्यावर येतो, आणि त्यामुळे १ टीबीच्या डिस्कवर अडीच हजारांहून अधिक तासांचे संगीत सहज मावते.

एवढ्या कामाला मोठा संगणक लागत नाही, कारण गाणे पाठवणे हे संगणकाच्या दृष्टीने हलके काम आहे. जुना डेस्कटॉप अहोरात्र चालू ठेवला आणि तो सरासरी ६० वॅट वीज घेत असेल, तर महिन्याला सुमारे ४३ युनिट खर्च होतात. १५ वॅटच्या लॅपटॉपला ११ युनिट पुरतात, आणि रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या संगणकाला तीन-चार. हिशेब पाहता रास्पबेरी पाय सरस ठरतो, परंतु नंदुरबारसारख्या ठिकाणी युनिटांइतकाच लाइट जाण्या-येण्याचा हिशेबही धरावा लागतो, आणि तेथे बॅटरी शाबूत असलेला जुना लॅपटॉप बाजी मारतो, कारण त्याचा यूपीएस त्याच्या पोटातच असतो. दोन पथ्ये तेवढी पाळावीत : झाकण मिटल्यावर लॅपटॉप झोपी जाण्याची सेटिंग बंद करावी, आणि सतत चार्जिंगमुळे बॅटरी फुगत नाही ना, यावर लक्ष ठेवावे.

रास्पबेरी पाय घेतलाच, तर त्याच्या बहुतेक तक्रारींचे मूळ विजेत सापडते. त्याच्या चौथ्या पिढीच्या यंत्राला ५ व्होल्टचा ३ अँपिअर देणारा अडॅप्टर लागतो. मोबाइलचा जुना चार्जर जोडला, की व्होल्टेज पडते, पडद्यावर विजेचे पिवळे चिन्ह चमकते आणि यूएसबीला लावलेली हार्ड डिस्क मध्येच गायब होते. गाणी अर्धवट तुटतात ती या कारणाने, आणि दोष मात्र सॉफ्टवेअरला दिला जातो. डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असावा किंवा स्वतंत्र वीज घेणारा यूएसबी हब मध्ये जोडावा. लिहिण्याचे काम चालू असताना लाइट गेली तर मेमरी कार्डावरील फाइलींची मांडणी बिघडू शकते, आणि मग यंत्र सुरूच होत नाही. म्हणून प्रणाली कार्डावर ठेवली तरी गाणी एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या डिस्कवर ठेवलेली बरी. याच यंत्राच्या पाचव्या पिढीत हेडफोनचे छिद्र नाही, तेव्हा अंकांचा ध्वनी करणारे 'डॅक' हे उपकरण वेगळे घ्यावे लागते.

घरात इन्व्हर्टर असूनही लाइट गेली की सर्व्हर क्षणभर मरतो, अशीही तक्रार असते. बऱ्याच घरगुती इन्व्हर्टरवर 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असे बटण असते. नॉर्मलवर बदल सावकाश होतो आणि पंख्याला तो चालतो, संगणकाला चालत नाही, त्यामुळे बटण यूपीएसवर हवे. राउटर विसरला जातो, हेही येथे सांगितले पाहिजे : सर्व्हर जिवंत आणि राउटर बंद, तर मोबाइलला गाणे कुठून मिळणार? राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. स्पीकरमधून सतत येणारी गुणगुण मात्र बहुधा अर्थिंगची असते. सर्व्हर आणि ॲम्प्लिफायर एकाच बोर्डावर लावून पाहिले, की ती पुष्कळदा जाते.

उन्हाळ्यात येथील तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि पत्र्याच्या छपराखालची खोली त्याहून तापते. रास्पबेरी पायचा प्रोसेसर ८० अंशांना पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, म्हणून उष्णता बाहेर टाकणारे धातूचे आवरण आणि थंड भिंतीचा कोपरा, दोन्ही हवेत.

बिघाड शोधताना क्रम महत्त्वाचा. प्रथम गाणे सर्व्हरवरच वाजवून पाहावे. तेथेही तुटत असेल तर डिस्क किंवा वीज दोषी. तेथे नीट वाजले, तर राउटर आणि सर्व्हर यांना केबलने जोडावे. मग अडचण संपली, तर दोष वायफायचा. यूएसबी ३ची डिस्क आणि तिची साधी केबल २.४ गिगाहर्ट्झच्या वायफायमध्ये अडथळा आणतात, हे फार थोड्यांना ठाऊक असते; डिस्क हातभर दूर नेली किंवा ५ गिगाहर्ट्झचा पट्टा वापरला तरी भागते. काल सापडणारा सर्व्हर आज सापडत नाही, तेव्हा राउटर पुन्हा सुरू होताना त्याने सर्व्हरला नवा पत्ता दिलेला असतो. राउटरच्या सेटिंगमध्ये तो पत्ता कायमचा राखून ठेवावा.

नॅव्हिड्रोम, जेलीफिन किंवा लिरियन यांपैकी कोणतेही मोफत सॉफ्टवेअर गाण्यांची यादी फाइलींच्या नावांपेक्षा त्यांच्या आत लिहिलेल्या 'टॅग' नावाच्या माहितीवरून लावते. एमपी३ फाइलीतील सर्वांत जुन्या टॅगला अवघी ३० अक्षरे चालत आणि देवनागरीची सोय त्यात नव्हती, म्हणून जुन्या कार्डांवरील नावे चौकटी-चौकटींची दिसतात. टॅग नव्या आवृत्तीत लिहून घेतले की मराठी अक्षरे नीट उमटतात. तेथे एक स्थानिक गुंता उरतो : 'पावरी' हे पावरा समाजाच्या बोलीचेही नाव आणि वाद्याचेही. एकाच रकान्यात दोन्ही भरले, तर शोध घेणाऱ्याला पावरीतली लग्नगीते आणि पावरीवरची धून एका रांगेत मिळतात. बोली भाषेच्या रकान्यात आणि वाद्य टिपणीत लिहिले, की दोन्ही वेगळी सापडतात.