शस्त्रक्रियेनंतर वजनाचा काटा थांबतो तेव्हा



वजन कमी करण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया करतात ही गोष्ट पूर्वी आपण केवळ ऐकून होतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या लोकांचे ते काम, असा आपला समज होता. आता तसे राहिले नाही. मधुमेह, गुडघेदुखी, धाप लागणे यांनी बेजार झालेली आपल्याकडची माणसेही नागपूरला जाऊन ही शस्त्रक्रिया करून घेऊ लागली आहेत. शस्त्रक्रियेची माहिती दवाखान्यात मिळते. परंतु घरी आल्यावर चार-सहा महिन्यांनी वजन उतरायचे थांबते, तेव्हा काय करायचे हे पुष्कळांना ठाऊक नसते. त्यासाठी हा लेख.

तळेगाव (श्यामजी पंत) येथील एका सभासद भगिनीची हकीकत आम्हांस समजली. नाव छापू नये, एवढीच त्यांची अट आहे. वय पन्नाशीच्या आसपास, वजन ११८ किलो, साखरेचा आजार आणि दोन्ही गुडघे धरलेले. घरच्यांनी उसाच्या बिलाचा पैसा बाजूला ठेवून शस्त्रक्रिया करविली. सहा महिन्यांत वजन ९१ किलोवर आले. घरी आनंदीआनंद झाला. पण पुढे सात आठवडे काटा तिथेच. शेजारपाजारचे म्हणू लागले, "एवढा पैसा लावला, अन् काय फायदा?" बाईंनी धसका घेतला. "काटा हालूनच नाही राहिला, तं जेवून काय करू?" असे म्हणून त्यांनी रात्रीचे जेवण सोडले, मग सकाळचेही अर्धे केले. केस मुठीमुठीने गळू लागले आणि एके दिवशी वावरात घेरी येऊन त्या खाली बसल्या. तेव्हा कुठे मुलाने त्यांना परत डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी त्यांना पहिला प्रश्न केला तो वजनाचा नव्हे, तर "कमरेचं माप घेतलं का?" हा. माप घेतले तर सात आठवड्यांत कंबर दोन इंच कमी झालेली. साखरेची गोळीही अर्ध्यावर आलेली होती. म्हणजे शस्त्रक्रिया आपले काम करीतच होती. फक्त काटा ते सांगत नव्हता.

आपण ऊस उत्पादकांना हे कळायला जड जाऊ नये. वजनकाट्यावर उसाचे टनेज कळते, उतारा कळत नाही. त्यासाठी रस तपासावा लागतो. ऊस पक्वतेला आला की त्याची वाढ मंदावते, पण आत साखर भरत असते. शरीराचेही काहीसे असेच आहे. चरबी कमी होत असताना शरीरात पाणी धरले गेले, तर काटा हलत नाही.

वजन का थांबते?

या शस्त्रक्रियेचे मुख्य प्रकार दोन. 'स्लीव्ह' या प्रकारात जठराचा बराचसा भाग काढून टाकतात व केळ्याएवढी नळी शिल्लक ठेवतात. 'बायपास' मध्ये जठराची लहानशी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात. बायपासची सुरुवात अमेरिकेतील आयोवा विद्यापीठात डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६-६७ च्या सुमारास केली. दोन्ही प्रकारांत भूक कमी होते व थोडक्यात पोट भरते.

पहिल्या दोन आठवड्यांत वजन झपाट्याने उतरते. त्यात पाण्याचा भाग मोठा असतो. आपल्या यकृतात व स्नायूंत साखरेचा साठा असतो आणि त्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी धरलेले असते. खाणे तुटले की हा साठा संपतो व पाणी निघून जाते. पुढे आहार थोडा वाढला की साठा परत भरतो, पाणी परत येते. म्हणून तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला पुष्कळांचे वजन एकदा थांबतेच. हा पहिला थांबा. तो आपोआप सुटतो.

दुसरा थांबा पुढे केव्हातरी येतो. त्याचे कारण निराळे. भरलेली ट्रॉली ओढायला ट्रॅक्टरला जितके डिझेल लागते, तितके रिकाम्या ट्रॉलीला लागत नाही. ११८ किलोचे शरीर चालवायला जे अन्न लागत होते, ते ९१ किलोला लागत नाही. कालपर्यंत ज्या खाण्यावर वजन उतरत होते, त्याच खाण्यावर आज ते स्थिर राहते.

शिवाय अन्न फारच तोडले की शरीर स्वतःच काटकसर करू लागते. १९४४-४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात डॉ. अँसेल कीज यांनी ३६ धडधाकट तरुणांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवून पाहिले. त्यांचे वजन सुमारे पावपट घटले, पण त्याचबरोबर शरीराची उष्णता खर्च करण्याची गतीही मंदावली. ती माणसे थंडीने कुडकुडत, थकत, आणि दिवसभर जेवणाचाच विचार करीत. म्हणजे उपाशी राहून थांबलेला काटा हलवायला जाणे म्हणजे शरीराला आणखी कंजूष करणे होय. आमच्या भगिनींचे नेमके हेच झाले होते.

गोडाचा हिशेब

आपण साखरेच्या कारखान्याचे सभासद. तरी येथे स्पष्ट लिहिणे भाग आहे. लहान झालेले पोट भाकरीला अडवते, पण गोड पातळ पदार्थाला अडवत नाही. तो सरळ खाली उतरतो. उसाच्या रसात शेकडा तेरा-चौदा भाग साखर असते. म्हणजे मोठ्या ग्लासभर रसातून सात चमच्यांच्या आसपास साखर पोटात जाते. रसवंतीवर "एवढ्यानं काय होते" म्हणून घेतलेला ग्लास, बसस्टँडवरचा चहा, पाहुण्यांच्या घरचा चहा, हे सगळे मोजणीतून सुटते. आमच्या भगिनींनी जेवण तोडले होते, पण दोन-दोन चमचे साखरेचे पाच कप चहा चालूच होते. दिवसाकाठी दहा चमचे साखर, म्हणजे सुमारे २०० कॅलरी. शेव-चिवडा, बिस्किटे यांचेही तसेच. ती तोंडात विरघळतात आणि पोटात जागा धरत नाहीत. बायपास झालेल्यांना तर गोड खाल्ल्यावर घाम, धडधड, पोटात मुरडा असा त्रासही होऊ शकतो. गुळाचेही तेच. गूळ साखरेहून वेगळा समजू नये.

काय करावे?

एक : रोज काट्यावर चढू नये. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी वजन करावे. महिन्यातून एकदा कमरेचे माप घ्यावे व दोन्ही वहीत लिहावे.

दोन : प्रथिने आधी खावीत. सर्वसाधारणपणे दिवसाला ६० ग्रॅम किंवा त्याहून थोडी अधिक सांगतात. आपला आकडा डॉक्टरांकडून घ्यावा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम, पेलाभर दुधात ८ ग्रॅम, वाटीभर घट्ट वरणात ६-७ ग्रॅम, २५ ग्रॅम सोयाबीन वडीत १२-१३ ग्रॅम असतात. ताटात पहिला घास वरण, उसळ, दही, अंडे यांचा, मग भाजी आणि शेवटी भाकर. आमच्या भगिनींचा हिशेब मांडला तर तीस ग्रॅमही भरत नव्हता. प्रथिने कमी पडली की चरबीऐवजी स्नायू झिजतात आणि गळणारे केस अधिकच गळतात.

तीन : जेवताना पाणी पिऊ नये. जेवण झाल्यावर अर्धा तास थांबावे. एरवी दिवसभर घोट-घोट पाणी घेत राहावे.

चार : चालावे, आणि थोडे बळाचे कामही करावे. शेतात काम असते म्हणून व्यायाम नको, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पण बांधावर उभे राहून मजुरांवर देखरेख करणे हा व्यायाम नव्हे. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे-बसणे इतके साधेही चालते. झोपही पुरेशी हवी.

पाच : सांगितलेल्या गोळ्या जन्मभर घ्याव्यात. लोह, बी-१२, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व यांची तपासणी ठरल्या वेळी करावी. "बरं वाटून राहिलं" म्हणून त्या बंद करू नयेत. वारंवार उलट्या होत असतील, पायांना मुंग्या येत असतील, चालताना तोल जात असेल किंवा एकाचे दोन दिसत असतील, तर वजनाची चर्चा बाजूला ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठावा. ब-१ जीवनसत्त्व संपल्याची ती खूण असू शकते, आणि उशीर झाल्यास कायमचे नुकसान होते.

दहा वर्षांचा हिशेब

ही शस्त्रक्रिया एका हंगामाचे पीक नाही. स्वीडनमध्ये १९८७ पासून अशा रुग्णांची दीर्घकाळ नोंद ठेवली गेली. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले, आणि दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. म्हणजे १२० किलोच्या माणसाचे ३८ किलो उतरले, तर त्यातले आठेक किलो पुढे परत येऊ शकतात. तरीही शस्त्रक्रिया न झालेल्यांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. तेव्हा थोडे वजन परत आले म्हणून सगळे फुकट गेले असे नव्हे.

नागपूरचे श्री. नितीन गडकरी यांनी २०११ साली अशी शस्त्रक्रिया करून घेतली. फेब्रुवारी २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर कार्यक्रमात त्यांनी सांगितले की, आपले वजन पूर्वी १३५ किलो होते, ते आता ९३ आहे. शस्त्रक्रियेला दहा वर्षे उलटल्यावरही माणूस किलोचा हिशेब ठेवतो, हे यातून घेण्यासारखे आहे.

तळेगावच्या भगिनींनी चहातली साखर बंद केली, दोन्ही वेळा वरण-उसळ घेऊ लागल्या, संध्याकाळी महामार्गाची गर्दी टाळून गावाच्या रस्त्याने चालू लागल्या. महिन्याला दीड-दोन किलोच्या हिशेबाने वजन पुन्हा उतरू लागले. आज त्या ८६ वर आहेत. मध्ये आणखी एकदा काटा पंधरा दिवस थांबला, तेव्हा त्यांनी जेवण सोडले नाही. वही काढून पाहिली.

शेवटी घरच्यांना एक विनंती. "किती उतरलं?" हा प्रश्न उठता-बसता विचारू नका. ताटात काय वाढले आणि गोळ्या घेतल्या की नाही, एवढे पाहा. थांबलेल्या काट्यापेक्षा टोमण्यांनी उपाशी राहिलेल्या माणसाची काळजी अधिक करावी, असे आम्हांस वाटते.