ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूचा गल्ला

महात्मा फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतली गुलामी मोडण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केला. तेव्हा गुलामीत जन्मलेला अलोन्झो हर्न्डन जॉर्जियात पंधरा वर्षांचा होता. कायद्याने सुटका झाली होती, पण गाठीला जमीन नव्हती, पैसा नव्हता. शेतात राबता राबता तो हजामत शिकला आणि पुढे अटलांटाला आला.

पीचट्री स्ट्रीटवरचं त्याचं सलून कालांतराने झुंबरांनी आणि संगमरवराने सजलं. वस्तरा चालवणारे हात कृष्णवर्णीयांचे, खुर्चीत बसणारे गोरे वकील, न्यायाधीश, व्यापारी. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकाला तिथे मज्जाव होता.

या कमाईतून हर्न्डनने १९०५ मध्ये एक डबघाईला आलेली परस्पर-साहाय्य संस्था १४० डॉलरला घेतली. गोऱ्या विमा कंपन्या कृष्णवर्णीयांना एक तर दारात उभं करत नसत किंवा जादा हप्ता लावत. हर्न्डनची माणसं घरोघर जाऊन किरकोळ हप्ते गोळा करत. त्यातून आजारपण निभावे, अंत्यविधी होई. हीच पुढे ‘अटलांटा लाइफ’ कंपनी झाली.

सप्टेंबर १९०६ मध्ये अटलांटात वृत्तपत्रांनी भडकवलेल्या गोऱ्या जमावाने किमान २५ कृष्णवर्णीयांचे बळी घेतले. हर्न्डनच्या सलूनच्याही काचा फुटल्या. त्यानंतर शहराच्या मध्यातून कृष्णवर्णीयांचा व्यापार ऑबर्न अ‍ॅव्हेन्यूकडे सरकत गेला. तिथे १९२१ मध्ये ‘सिटिझन्स ट्रस्ट’ बँक उभी राहिली, १९२८ मध्ये ‘अटलांटा वर्ल्ड’ (पुढे ‘डेली वर्ल्ड’) हे वृत्तपत्र निघालं. १९४९ मध्ये जेसी ब्लेटन यांनी ‘डब्ल्यूईआरडी’ विकत घेतलं. कृष्णवर्णीय मालकीचं ते अमेरिकेतलं पहिलं रेडिओ केंद्र.

या दुकानदारीची खरी किंमत नागरी हक्कांच्या चळवळीत कळली. गोऱ्या मालकाकडे नोकरी करणाऱ्याने तोंड उघडलं, तर चूल विझे. ज्याचं गिऱ्हाईक आपल्याच वस्तीतलं, त्याला कामावरून काढणार कोण? शहराच्या पश्चिमेला पाश्चल बंधूंचं हॉटेल होतं. तळलेल्या कोंबडीसाठी नावाजलेल्या त्या हॉटेलात मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांचे सहकारी मोर्चांची आखणी करत; तुरुंगातून सुटलेल्या विद्यार्थ्यांना तिथे जेवायला मिळे. सगळे व्यावसायिक मात्र सोबत नव्हते. १९६० च्या विद्यार्थ्यांच्या धरणे आंदोलनावर ‘डेली वर्ल्ड’ने नापसंती दाखवली, तेव्हा ‘अटलांटा लाइफ’मधले जेसी हिल आणि इतरांच्या पाठबळावर ‘अटलांटा इन्क्वायरर’ हे वृत्तपत्र निघालं.

पुढे महामार्गाने ऑबर्नचे दोन तुकडे केले. वंशभेदाचे कायदे गेले, तसं गिऱ्हाईकही शहरभर पांगलं. बरीचशी दुकानं एकेक करून बंद पडली.

आज अटलांटा परिसरात अनेक मराठी कुटुंबं नांदतात. भारतीयांना अमेरिकेचं दार मोठ्या प्रमाणावर उघडलं ते १९६५ च्या स्थलांतर कायद्याने, आणि नागरी हक्कांच्या चळवळीने देशाचं मन ढवळून काढलं म्हणून तो कायदा होऊ शकला. तेव्हा ऑबर्नला जावं ते केवळ किंग यांचं जन्मघर बघून परतण्यासाठी नव्हे. तिथल्या कृष्णवर्णीय मालकांच्या उरलेल्या दुकानांत थांबावं, जेवावं, चार पैसे खर्च करावेत. आपल्यालाही हक्क मिळवून देणाऱ्या त्या लढ्याचा काही खर्च अशाच दुकानांच्या गल्ल्यातून निघाला होता.