इन्सुलिनचे पुंजीकरण आणि संश्लिष्ट बहुवारिके

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत वोक्हार्ट कंपनीचे जैवतंत्र संकुल आहे. ह्या कंपनीने 2003 साली ‘वोसुलिन’ ह्या नावाने पुनःसंयोजित मानवी इन्सुलिन बाजारात आणले. कारखान्यातून निघालेली इन्सुलिनची कुपी रुग्णाच्या हाती पडेपर्यंत वाहनात हिंदकळत राहते. शिवाय मराठवाड्यात मे महिन्यात तापमान 40 अंशांपलीकडे जाते. ह्या प्रवासात प्रथिनाच्या रचनेवर काय ओढवते, आणि एखादे संश्लिष्ट बहुवारिक ते कसे टाळू शकते, ह्याचा येथे विचार करावयाचा आहे.

इन्सुलिनचा रेणू प्रथिनांमध्ये लहानच म्हणावा लागेल. 21 व 30 ॲमिनो अम्लांच्या दोन साखळ्या गंधकाच्या दुव्यांनी बांधलेल्या असतात. रेणुभार सुमारे 5,800. साध्या इन्सुलिनच्या कुपीत बहुतेक रेणू सुटे नसतात. जस्ताच्या आयनांभोवती सहा-सहा रेणू एकत्र येतात आणि त्यांचे जलद्वेषी भाग एकमेकांत झाकले जातात. मात्र ह्या गटांतून थोडे रेणू सतत सुटत असतात, आणि संकट येते ते ह्या सुट्या रेणूंवर.

उष्णता हेच त्याचे एकमेव कारण, अशी समजूत सर्रास आढळते. ती अपुरी आहे. कुपीतील विद्रावावर थोडी हवा असते. हवा ही पाण्याच्या दृष्टीने जलद्वेषीच. म्हणून सुटा रेणू हवा व पाणी ह्यांच्या आंतरपृष्ठावर जाऊन बसतो. तेथे त्याची घडी अंशतः उलगडते आणि आत दडलेले जलद्वेषी भाग उघडे पडतात. असे काही रेणू एकमेकांस चिकटले म्हणजे बीजकेंद्र तयार होते व त्यावर पुढील रेणू रचले जाऊन लांब तंतुके वाढतात. कुपी हलविली की हे आंतरपृष्ठ पुनःपुन्हा नवे होते. उष्णता ह्या सर्व क्रियेचा वेग वाढविते. बीजकेंद्रे तयार होईपर्यंत विद्राव स्वच्छच दिसतो, त्यानंतर मात्र गढूळपणा झपाट्याने वाढतो. तंतुकांत अडकलेले इन्सुलिन रक्तशर्करा उतरविण्याच्या कामी येत नाही. मात्रा ठरल्याप्रमाणे टोचूनही शर्करा उतरत नाही, तेव्हा रुग्ण बहुधा आपल्या आहाराला दोष देतो.

इन्सुलिन-पंपांच्या नळ्यांत अशी तंतुके साचू लागल्यावर जर्मनीतील हेक्स्ट कंपनीत ह्या प्रश्नाचा बारकाईने विचार झाला. थुरो आणि गायझेन ह्यांनी 1984 साली प्रसिद्ध केलेले कार्य ह्या विषयात पायाभूत मानावे लागेल. पॉलिएथिलीन ग्लायकॉल व पॉलिप्रॉपिलीन ग्लायकॉल ह्यांच्या खंडांनी बनलेले बहुवारिक अत्यल्प प्रमाणात मिसळले असता पुंजीकरण थांबते, असे त्यांनी दाखविले. येथे लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, बहुवारिकाने प्रथिनाला कवटाळून धरण्याची गरज नसते. त्याचा जलद्वेषी खंड आंतरपृष्ठावर रुततो, जलस्नेही खंड पाण्यात पसरतो, आणि प्रथिन येण्यापूर्वीच ती जागा व्यापली जाते. आसन आधीच भरलेले असल्यामुळे इन्सुलिनला विद्रावातच राहावे लागते. अत्यल्प प्रमाण का पुरते, ह्याचेही उत्तर येथेच आहे: व्यापावयाचे असते ते पृष्ठ, संपूर्ण विद्राव नव्हे.

ह्या कल्पनेचे खरे महत्त्व पुढे त्वरित क्रिया करणाऱ्या इन्सुलिनांच्या बाबतीत कळून आले. सहा रेणूंचा गट स्थैर्य देतो, पण त्वचेखाली तो सुटेपर्यंत वेळ जातो. गट मोडून ठेवावा तर वेग मिळतो आणि स्थैर्य जाते. ही कोंडी फोडण्याचा एक प्रयत्न स्टॅनफर्ड विद्यापीठातील ॲपेल ह्यांच्या गटाने 2020 साली प्रसिद्ध केला. ॲक्रिलॉइलमॉर्फोलीन व एन-आयसोप्रॉपिल ॲक्रिलामाइड ह्यांचे सहबहुवारिक वापरून त्यांनी इन्सुलिन लिस्प्रोचा जस्तविरहित विद्राव बनविला. स्थैर्याची कठोर परीक्षा घेतली असता बाजारातील लिस्प्रोचे पुंजीकरण सुमारे 5 तासांत झाले; नवा विद्राव 25 तास टिकला. मधुमेही डुकरांवरील प्रयोगांत रक्तातील इन्सुलिनची पातळी सुमारे 9 मिनिटांत शिखरास पोहोचली. नेहमीच्या लिस्प्रोला सुमारे 25 मिनिटे लागली. रेणू सुटाही राहावा आणि टिकावाही, हे बहुवारिकामुळे शक्य झाले.

तरीही प्रत्येक पृष्ठक्रियाशील बहुवारिक निर्दोष असते असे मुळीच नाही. इन्सुलिन ग्लुलिसीनमध्ये वापरले जाणारे पॉलिसॉर्बेट 20 हवेतील ऑक्सिजनमुळे हळूहळू पेरॉक्साइडे निर्माण करू शकते, आणि ती प्रथिनांना घातक ठरतात. पॉलिएथिलीन ग्लायकॉलविरुद्ध काही व्यक्तींच्या रक्तात प्रतिपिंडे आढळली आहेत. ॲक्रिलामाइड वर्गातील साखळीचा कार्बनचा कणा शरीरात सहजी तुटत नाही. म्हणून ती मूत्रपिंडातून गाळून जाण्याइतकी आखूड ठेवावी लागते. मधुमेही रुग्ण हे औषध दिवसातून अनेकदा आणि जन्मभर टोचून घेतो, ही गोष्ट येथे विसरता कामा नये. एक-दोन मात्रांत निरुपद्रवी ठरलेला पदार्थ वीस वर्षांच्या वापरातही तसाच राहील, हे प्राण्यांवरील अल्पकालीन प्रयोगांवरून सांगता येत नाही.

शीतकपाट नसलेल्या घरांतून इन्सुलिनची कुपी ओल्या मडक्यात ठेवतात. बाष्पीभवनाने येणारा गारवा पुंजीकरणाचा वेग कमी करतो, हे खरे. पण कुपीतील हवेचे पृष्ठ त्याने नाहीसे होत नाही. ते व्यापण्याचे काम विद्रावातील बहुवारिकालाच करावे लागते.